‘ऑकेजनली’ साफ होणारे यंत्र : सांगलीतील एका प्रश्नावलीचे प्रकरण

सांगली-कुपवाड परिसरात हळद पावडर तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या उद्योगाकडे युरोपातील एका खरेदीदाराची प्रश्नावली आली होती. पहिला नमुना माल मागवण्यापूर्वी पुरवठादाराची माहिती घेण्याची ही रूढ पद्धत आहे, आणि त्यातले बहुतेक प्रश्न परवाने, प्रमाणपत्रे, पत्ते यांविषयीचे असल्यामुळे त्यांची उत्तरे सरळ भरली गेली. चार प्रश्न मात्र कामाच्या पद्धतीविषयी होते आणि त्यांची उत्तरे वाक्यांत लिहायची होती. हळद दळण्याच्या लाइनवर दुसरा कोणता पदार्थ दळला जातो का, यंत्र केव्हा साफ केले जाते, कच्चा माल कोठे साठवला जातो, आणि मालात ओलावा जास्त आढळतो का, असे ते प्रश्न होते. उद्योगाने पाठवलेली उत्तरे पुढीलप्रमाणे होती : ‘वी समटाइम ग्राइंड मस्टर्ड ऑन धिस लाइन’, ‘द मशीन इज क्लीन्ड ऑकेजनली’, ‘द मटेरियल इज समटाइम्स इन कोल्ड स्टोरेज’, आणि ‘मॉइस्चर इज समटाइम्स हाय इन अवर लॉट्स’.

खरेदीदाराचे उत्तर सभ्य होते, पण नमुन्याची मागणी त्याने थांबवली. मोहरी पूर्वी एकदा दळली होती की अजूनही दळली जाते, हे त्याला कळले नव्हते. यंत्र अधूनमधून साफ होत असेल तर उरलेल्या वेळी मोहरीनंतर थेट हळद दळली जाते का, असे त्याने विचारले होते. ओलाव्याच्या वाक्यावर त्याने फक्त प्रश्नचिन्ह काढले होते. इंग्रजी पत्रव्यवहार शिकवण्याच्या माझ्या कामामुळे हे कागद माझ्यापुढे आले. उद्योगाच्या संमतीने आणि नाव न देता मी हे प्रकरण सविस्तर मांडत आहे, कारण यात कोणीही खोटे बोललेले नव्हते, कोणाचे काम ढिले नव्हते, आणि तरीही चारपैकी चारही वाक्यांतून वस्तुस्थितीपेक्षा वेगळे काही वाचले गेले.

उत्तरे कशी तयार झाली

निर्यातीचे काम पाहणारी कर्मचारी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि तिचे इंग्रजी व्याकरण एरवी चांगले आहे. तिने प्रत्येक प्रश्न दळप विभागाच्या पर्यवेक्षकांना मराठीत विचारला. त्यांची उत्तरे तिने वहीत जशीच्या तशी टिपून ठेवली होती, म्हणून मूळ बोलणे आज आपल्याला पाहता येते. मोहरीविषयी ते म्हणाले होते, “कधीतरी दळतो की ताई, हळद संपत आल्यावर.” साफसफाईविषयी त्यांचे उत्तर होते, “माल बदलला की साफ करतोच की, त्याशिवाय सुरूच करत नाही.” साठवणुकीविषयी, “पेवं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत, माल काही दिवस कोल्डला असतोय.” आणि ओलाव्याविषयी, “पावसाळ्यात एखादा लॉट ओला निघतो, तो आम्ही बाजूला काढतो.”

ही चारही उत्तरे नेमकी आहेत. ज्याला हळदीच्या व्यापाराची ओळख आहे त्याला त्यांतून काळ, कारण आणि प्रमाण तिन्ही कळतात. सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतात, उन्हाळ्यात आवक भरात असते आणि पुढे ती ओसरत जाते. त्यामुळे ‘हळद संपत आल्यावर’ या तीन शब्दांत दिवाळीच्या आगेमागे ते नवा माल येईपर्यंतचा काळ सांगितला गेलेला असतो. पेवांचा उल्लेखही तसाच अर्थपूर्ण आहे. हरिपूर भागातील जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे साठवली जात असे, २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली आणि साठवणूक गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. खरेदीदाराला हा इतिहास माहीत असण्याची गरज नव्हती, परंतु माल ‘काही दिवस’ शीतगृहात असतो एवढे त्याला कळायला हवे होते.

टिपलेली उत्तरे इंग्रजीत नेण्यापूर्वी कर्मचारीने ती कार्यालयीन मराठीत लिहून काढली, आणि माझ्या मते नुकसानीचा मोठा भाग याच टप्प्यावर झाला. ‘माल बदलला की साफ करतोच’ याचे ‘यंत्र प्रसंगानुसार साफ केले जाते’ असे झाले. बोलण्यातला ‘की’ अट सांगत होता आणि ‘च’ खात्री देत होता. कार्यालयीन वाक्यात दोन्ही गळाले आणि त्यांच्या जागी एक भारदस्त पण पोकळ शब्द आला. मग ‘प्रसंगानुसार’ला इंग्रजी शब्द शोधताना कोशाने ‘ऑकेजनली’ पुढे केला.

‘ऑकेजन’ आणि ‘ऑकेजनली’

कोशाचा दोष काढणे अन्यायाचे होईल. इंग्रजी-मराठी कोशांत ‘ऑकेजनल’साठी प्रासंगिक, नैमित्तिक आणि ‘ऑकेजनली’साठी प्रसंगोपात, प्रसंगी, कधीकधी असे अर्थ एकापुढे एक दिलेले आढळतात, आणि त्यांतला प्रत्येक अर्थ कधी ना कधी खरा होता. ‘ऑकेजन’ हे नाम लॅटिनमधील ‘ओकासिओ’वरून आले असून त्याचा अर्थ निमित्त, संधी असा आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांतील लेखनात, ‘ऑकेजनली’ हा शब्द ‘निमित्त पडेल तेव्हा’ किंवा ‘ओघात’ अशा अर्थानेही येत असे. विशेषणात तो अर्थ आजही काही ठिकाणी टिकून आहे. ‘ऑकेजनल पोएट्री’ म्हणजे राज्यारोहण, विवाह, निधन अशा प्रसंगासाठी लिहिलेली कविता, मग कवी अशी कविता रोज लिहीत असला तरी हरकत नाही. ‘ऑकेजनल टेबल’ म्हणजे गरज पडेल तेव्हा पुढे ओढायचे लहान टेबल.

आजच्या क्रियाविशेषणातून मात्र निमित्त निघून गेले आहे. ‘ऑकेजनली’ म्हटल्यावर आजचा इंग्रजी वाचक दोन गोष्टी ऐकतो : ही क्रिया घडते, पण थोड्या वेळा घडते, आणि तिचे अंतर ठरलेले नाही. ती का घडते, कशामुळे घडते, घडायला हवी तेव्हा घडते की नाही, याविषयी हा शब्द पूर्ण मुका आहे. त्यामुळे ‘द मशीन इज क्लीन्ड ऑकेजनली’ या वाक्याचे मराठीत प्रामाणिक रूप ‘यंत्र अधूनमधून, जमेल तसे साफ होते’ असेच होईल. प्रत्येक बदलाला न चुकता होणारी सफाई सांगू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी यापेक्षा उलटे वाक्य घालणे कठीण होते.

याच जागी इतर दोन शब्दही चुकीचे ठरले असते, आणि ते सुचण्याची शक्यता मोठी आहे. ‘पीरिऑडिकली’ म्हणजे ठरावीक अंतराने, जसे दर आठवड्याला. येथे सफाई तारखेवर अवलंबून नव्हती, ती मालाच्या बदलावर अवलंबून होती. ‘फ्रॉम टाइम टू टाइम’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे सरकारी कागदांमुळे ओळखीचा आहे. ‘शासनाने वेळोवेळी काढलेले आदेश’ यातील ‘वेळोवेळी’ त्याचेच भाषांतर असून कायद्याच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘जेव्हा जेव्हा गरज पडेल तेव्हा तेव्हा’ असा घेतला जातो. पण कायद्याबाहेरच्या साध्या इंग्रजीत ‘फ्रॉम टाइम टू टाइम’ आणि ‘ऑकेजनली’ यांत फारसे अंतर राहत नाही, त्यामुळे शासकीय मराठीच्या सवयीने तो वापरला असता तरी खरेदीदाराने ‘अधूनमधून’ असेच वाचले असते.

‘कधीतरी’चे दोन अर्थ

मोहरीचे वाक्य वेगळ्या कारणाने बिघडले. मराठीत ‘कधीतरी’ या एका शब्दाला दोन कामे आहेत. ‘कधीतरी ये घरी’ यात तो एका, पण न ठरलेल्या वेळेकडे बोट दाखवतो. ‘तो कधीतरी मासे खातो’ यात तो विरळ पुनरावृत्ती सांगतो. क्रियापदाच्या काळावरून आणि अर्थावरून आपण न अडखळता फरक करतो. इंग्रजीने ही कामे वेगवेगळ्या रूपांना वाटून दिलेली आहेत. ‘समटाइम’ म्हणजे एक अनिश्चित वेळ, जसे ‘कम समटाइम नेक्स्ट वीक’. त्याला ‘स्’ लागून झालेला ‘समटाइम्स’ म्हणजे कधीकधी. आणि दोन सुटे शब्द लिहिले, ‘सम टाइम’, की अर्थ होतो काही काळ, म्हणजे लांबी. कर्मचारीने मोहरीच्या वाक्यात पुनरावृत्तीच्या जागी अनिश्चित वेळेचा शब्द घातला, आणि शीतगृहाच्या वाक्यात लांबीच्या जागी पुनरावृत्तीचा घातला. ‘द मटेरियल इज समटाइम्स इन कोल्ड स्टोरेज’ यातून खरेदीदाराने माल कधी शीतगृहात असतो आणि कधी उघड्यावर असतो असे वाचले. सांगायचे होते ते प्रत्येक माल काही काळ शीतगृहात असतो असे. तेथे ‘फॉर सम टाइम’ हवे होते, आणि त्याहून बरे म्हणजे किती काळ ते.

शिकवताना ही तीन रूपे पाठ करून घेतली जातात, पण ती मराठीतल्या कोणत्या वाक्याशी जोडायची हे सहसा दाखवले जात नाही. ‘कधीतरी’ म्हणणाऱ्याला एकच उपप्रश्न विचारला की गुंता सुटतो : हे एकदाचे की परत परतचे? आणि ‘काही वेळ’ म्हणणाऱ्याला : किती वेळा की किती वेळ? पर्यवेक्षकांना हा प्रश्न विचारला असता तर उत्तर तत्काळ मिळाले असते. मी तो विचारला तेव्हा त्यांनी दळपाची नोंदवही काढून दाखवली. मागील वर्षी मोहरी चार वेळा दळली होती, आणि चारही नोंदी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातल्या होत्या.

लॉट ओला की लॉट ओले

चौथे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि म्हणूनच मला ते सर्वांत अधिक शिकवण्यासारखे वाटते. ‘मॉइस्चर इज समटाइम्स हाय इन अवर लॉट्स’ याचे दोन अर्थ होतात. एक, आमच्या लॉटपैकी काही लॉट ओले असतात. दोन, आमच्या लॉटमध्ये ओलावा काही काळ वाढतो आणि काही काळ उतरतो. पहिल्यात ‘समटाइम्स’ हा शब्द लॉट मोजतो, दुसऱ्यात वेळा मोजतो. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९७५ मध्ये या वर्गातील क्रियाविशेषणांवर लिहिताना हेच दाखवले होते की, ती दिसायला कालवाचक असली तरी प्रत्यक्षात उदाहरणे मोजतात. ‘ऑड नंबर्स आर समटाइम्स प्राइम’ हे वाक्य घेतले तर मुद्दा स्पष्ट होतो. कोणतीही विषम संख्या सोमवारी मूळ आणि मंगळवारी विभाज्य होत नाही. काही विषम संख्या मूळ असतात, एवढेच ते वाक्य सांगते. याच वाक्यात ‘समटाइम्स’च्या जागी ‘ऑकेजनली’ घातले तर ते कानाला खटकते, कारण ‘ऑकेजनली’ला घडणारी घटना लागते. हा दोन शब्दांमधला फरक टक्केवारीच्या कोष्टकात दिसत नाही.

पर्यवेक्षकांच्या मराठी वाक्यात ही संदिग्धता नव्हती, कारण त्यांनी ‘कधीकधी’ म्हटलेच नव्हते. त्यांनी ‘एखादा लॉट’ म्हटले होते. ‘एखादा’ या विशेषणात विरळपणा थेट नामाला लागतो, आणि इंग्रजीत याला फार जवळचा प्रयोग आहे : ‘दि ऑकेजनल लॉट अराइव्ह्ज डॅम्प इन द मॉन्सून’. येथे ‘ऑकेजनल’ हे विशेषण लॉटच्या शेजारी बसलेले असले तरी लॉटच्या अंगी काही विशेष गुण आहे असे ते सांगत नाही, ओला लॉट मधूनच एखादा येतो हे सांगते. ‘दि ऑकेजनल कार पास्ड’ म्हणजे एखादी गाडी जात होती. मराठी माणसाला हा इंग्रजी प्रयोग अवघड वाटतो असे म्हणतात, परंतु ‘एखादा’ची आठवण करून दिली की तो एका बैठकीत समजतो. मी तर असे सुचवेन की ‘एखादा’ असलेले कोणतेही मराठी वाक्य इंग्रजीत नेताना क्रियाविशेषणाकडे धाव घेण्याआधी हा विशेषणाचा मार्ग तपासून पाहावा.

किती म्हणजे कधीकधी

उद्योगाच्या संचालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न साहजिक होता : ‘ऑकेजनली’ म्हणजे शंभरात किती? शालेय व्याकरणांत आणि शिकवणीच्या तक्त्यांत ‘ऑलवेज’पासून ‘नेव्हर’पर्यंत टक्क्यांची शिडी काढलेली असते, तीत ‘समटाइम्स’ मध्यावर आणि ‘ऑकेजनली’ त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली असते. क्रम शिकवायला ही शिडी उपयोगी आहे. तिच्यावरचे आकडे मात्र वेगवेगळ्या तक्त्यांत वेगवेगळे असतात, आणि ते व्यवहारात धरून चालता येत नाहीत. अमेरिकेत रे सिम्प्सन यांनी १९४४ मध्ये आणि मिल्टन हाकेल यांनी १९६८ मध्ये वारंवारता दाखवणाऱ्या शब्दांना लोक कोणता आकडा देतात हे तपासले, तेव्हा एकाच शब्दाला वेगवेगळ्या माणसांनी दिलेले आकडे बरेच दूरदूर पडलेले दिसले. ती सगळी इंग्रजी बोलणारी माणसे होती.

जेथे आकड्यावाचून चालतच नाही तेथे मग शब्दाची व्याख्या करून घ्यावी लागते. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या व्यवसायवर्णनांत ‘ऑकेजनली’ म्हणजे कामाच्या वेळेच्या एक-तृतीयांशापर्यंत, ‘फ्रीक्वेंटली’ म्हणजे एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश, आणि त्यापुढे ‘कॉन्स्टंटली’ असे ठरलेले आहे. ओझे ‘ऑकेजनली’ उचलावे लागते असे तेथे लिहिले असेल तर ते दिवसातून दोन-अडीच तासही असू शकते. युरोपात औषधांच्या माहितीपत्रकांत दुष्परिणामांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ‘कॉमन’ म्हणजे शंभरात एक ते दहात एक, ‘अनकॉमन’ म्हणजे हजारात एक ते शंभरात एक, ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक. जर्मन माहितीपत्रकांत यातील मधल्या पायरीला ‘गेलेगेन्टलिश’ म्हणतात, ज्याचा इंग्रजीत नेहमी दिला जाणारा अर्थ ‘ऑकेजनली’ हाच आहे. एका खात्यात तेहतीस टक्क्यांपर्यंत जाणारा शब्द दुसऱ्या व्यवस्थेत एक टक्क्याच्याही खाली राहतो. व्याख्या न देता हा शब्द पत्रात लिहिणे म्हणजे आकडा वाचणाऱ्याच्या मनावर सोडणे होय, आणि मोहरीचा प्रश्न विचारणारा वाचक तो आकडा नेहमी वाईट बाजूनेच धरतो.

येथे या प्रकरणाचा खरा गाभा आहे असे मला वाटते. युरोपीय संघाच्या अन्नविषयक नियमांत ज्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे, त्यांत मोहरी आहे. म्हणून मोहरीच्या प्रश्नात वाचकाची नजर शिडीच्या खालच्या टोकावर असते. त्याला ‘नेव्हर’ आहे की नाही एवढेच पाहायचे असते. ‘रेअरली’, ‘ऑकेजनली’, ‘समटाइम्स’ हे सगळे त्याच्या दृष्टीने एकच, म्हणजे ‘होय’. साफसफाईच्या प्रश्नात त्याची नजर वरच्या टोकावर असते. तेथे ‘ऑलवेज’ आहे की नाही एवढेच त्याला हवे असते, आणि त्याखालचे सगळे शब्द, अगदी ‘युज्वली’सुद्धा, त्याच्या दृष्टीने ‘नाही’ ठरतात. मधले शब्द दोन्ही ठिकाणी निरुपयोगी होते, आणि उद्योगाने दोन्ही ठिकाणी मधलाच शब्द निवडला होता. हे शब्द बोलण्यात इतके सोयीचे का असतात याचेही उत्तर यात आहे. ‘कधीकधी येतो’ म्हणणाऱ्याकडून बोलण्यात कोणी हिशेब मागत नाही.

‘रेअरली’चा मोह

दुरुस्त उत्तर लिहिताना संचालकांचा कल ‘रेअरली’कडे होता. वर्षातून चार वेळा हे प्रमाण कमीच आहे, मग तसे का म्हणू नये, असे त्यांचे म्हणणे होते. प्रमाण पाहिले तर ‘ऑकेजनली’ आणि ‘रेअरली’ दोन्ही चालतील, परंतु हे दोन शब्द वाक्याला विरुद्ध दिशांना झुकवतात. ‘वी ऑकेजनली ग्राइंड मस्टर्ड’ यात होकार आहे, ‘वी रेअरली ग्राइंड मस्टर्ड’ यात नकार आहे. इंग्रजी व्याकरणही ‘रेअरली’, ‘सेल्डम’, ‘हार्डली एव्हर’ यांना नकारार्थी शब्दांच्या पंक्तीत बसवते. त्यांच्यापुढे ‘एनी’ येतो, जसे ‘वी रेअरली ग्राइंड एनी अदर स्पाइस’. पाठपुरावा करणारा छोटा प्रश्न होकारार्थी होतो, जसे ‘यू रेअरली ग्राइंड मस्टर्ड, डू यू?’, तर ‘ऑकेजनली’नंतर ‘डोन्ट यू?’ येतो. आणि ते वाक्याच्या आरंभी आले तर क्रियापदाची रचना उलटते : ‘रेअरली डू वी ग्राइंड मस्टर्ड’. ‘समटाइम्स’ किंवा ‘ऑकेजनली’ आरंभी आले तर काहीही उलटत नाही. मराठीत हे काम ‘च’ करतो. ‘क्वचित दळतो’ आणि ‘क्वचितच दळतो’ यांत वेळा तितक्याच असतील, पण दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याला ‘नाही’ म्हणायचे असते. ज्याला मोहरीविषयी माहिती हवी आहे त्याला नकाराकडे झुकलेले वाक्य देणे हे शब्दशः खरे असूनही सरळपणाचे झाले नसते, आणि हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. त्यांनी ते मान्य केले.

आणखी दोन लहान गोष्टी दुरुस्तीच्या वेळी पुढे आल्या. मराठीत क्रियाविशेषण कर्माच्या आधी सहज बसते, ‘आम्ही कधीकधी मोहरी दळतो’, त्यामुळे कर्मचारीच्या दुसऱ्या एका मसुद्यात ‘वी ग्राइंड ऑकेजनली मस्टर्ड’ असे वाक्य आले होते. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये हा शब्द येत नाही. तो मुख्य क्रियापदाच्या आधी, साहाय्यक क्रियापदाच्या नंतर, किंवा वाक्याच्या टोकाला येतो. ‘नाऊ अँड देन’, ‘वन्स इन अ व्हाइल’, ‘एव्हरी सो ऑफन’ असे पदबंध तर मध्ये जवळजवळ येतच नाहीत, ते टोकालाच शोभतात, आणि तसेही अशा पत्रात त्यांचा घरगुती सूर बरा वाटला नसता. दुसरी गोष्ट नकाराची. ‘आम्ही नेहमी तपासत नाही’ हे मराठी वाक्य ‘कधीच तपासत नाही’ आणि ‘दर वेळी तपासतोच असे नाही’ अशा दोन्ही अर्थांनी ऐकले जाऊ शकते. इंग्रजीत ‘वी डोन्ट ऑलवेज टेस्ट’ याला दुसराच अर्थ आहे. हे लक्षात न घेता मराठी वाक्य शब्दक्रमाने उचलले तर पुन्हा पत्रव्यवहार वाढतो.

सुधारलेली उत्तरे आणि पुढे काय झाले

नव्या उत्तरांत वारंवारतेचे एकही क्रियाविशेषण एकटे ठेवलेले नाही. मोहरीच्या उत्तराचा आशय असा होता : या लाइनवर मोहरी दळली जाते. मागील वर्षी चार वेळा, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, म्हणजे हळदीची आवक कमी असताना दळली गेली. सफाईचे उत्तर पर्यवेक्षकांच्या मूळ बोलण्याकडे परत गेले : ‘द लाइन इज क्लीन्ड आफ्टर एव्हरी चेंज ऑफ प्रॉडक्ट, विदाउट एक्सेप्शन’, आणि त्यापुढे पाण्याशिवाय, ब्रश व सक्शनने केल्या जाणाऱ्या सफाईचे वर्णन, तसेच सफाईनंतर निघणारी पहिली पावडर वेगळी काढली जाते ही माहिती. शीतगृहाच्या उत्तरात कालावधी आला. ओलाव्याच्या उत्तरात ‘दि ऑकेजनल लॉट’ हा प्रयोग ठेवला, कारण तेथे तो अर्थाला धरून होता, पण त्याच वाक्यात पावसाळ्याचा काळ आणि असा लॉट बाजूला काढून पुन्हा वाळवला जातो हे जोडले.

कर्मचारीशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. पर्यवेक्षकांचे बोलणे अशुद्ध आहे, ते तसेच पाठवता येणार नाही, म्हणून आधी ‘नीट’ मराठीत आणले पाहिजे, असे तिला वाटले होते. असे तिलाच वाटते असे नाही, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तसे वाटते. परंतु या चार वाक्यांपुरते पाहिले तर बोलीतले प्रत्येक अव्यय काम करत होते, आणि नीट केलेल्या मराठीत तेच आधी गेले. आता ती टिपलेल्या वाक्यावरून थेट इंग्रजी मसुदा करते आणि ‘की’, ‘च’, ‘एखादा’ यांच्याखाली रेघ ओढते.

खरेदीदाराने सफाई, साठवणूक आणि ओलावा यांविषयीची उत्तरे स्वीकारली. मोहरीच्या उत्तराने मात्र त्याचे समाधान झाले नाही, आणि ते होणारही नव्हते, कारण तेथे अडचण शब्दाची उरलीच नव्हती. वेष्टनावर मोहरीचा उल्लेख करावा लागेल किंवा मोहरी दुसरीकडे दळावी लागेल, असे त्याने कळवले. संचालकांनी मोहरीसाठी आवारात वेगळी लहान गिरणी बसवली. त्यानंतर आलेल्या प्रश्नावलीत याच प्रश्नाचे उत्तर लिहिताना कर्मचारीने प्रथम ‘नेव्हर’ लिहिले आणि स्वतःच खोडले, कारण लाइनच्या नोंदवहीत जुन्या नोंदी होत्या आणि ‘नेव्हर’ त्यांनाही नाकारतो. तिने त्या जागी ‘नॉट सिन्स’ लिहून पुढे गिरणी बसवल्याचा महिना आणि वर्ष घातले.